हरकत राखून

बारामती एमआयडीसीत पेन्सिल चौक नावाचा एक चौक आहे. पोरांना एकोणतीस वर्षं कायद्याचं लिहायला-वाचायला शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, आणि आता सकाळचा चहा या पेन्सिल चौकात पितो. रात्रपाळी सुटायची ती वेळ. इथं तीनचाकी रिक्षा बनतात, चीज आणि दूध भुकटी बनते, गाड्यांचे सुटे भाग बनतात. ते बनवणारे हात डोळे चोळत चहाला थांबतात. त्यातला एखादा मोटारसायकलच्या डिकीतून प्लास्टिकची पिशवी काढतो आणि म्हणतो, "सर, येवढा कागुद बघता का?"

मी बघतो. आधी तारीख. मग कुठल्या कायद्याखाली कागद निघालाय ते. मग मुदत किती दिलीय ते. मग कागद पिशवीत घालून परत देतो आणि सांगतो, "उद्या या."

चहावाला हसतो. "सरांकडं समदं उद्याच आसतंय." लोकांना वाटतं, वय झालं, आता लगेच सुचत नाही. तसं नाही. मी उत्तर लगेच का देत नाही, त्याचं कारण १९८७ च्या दिवाळीत आहे.

आमचं गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं. या तालुक्याची दोन तोंडं. खाली नीरा डाव्या कालव्याचं बागायत, तिथं ऊस आणि साखर कारखाने. वर आम्ही. बाजरी, मटकी, हुलगा आणि आभाळाकडं लागलेले डोळे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. मी सात वर्षांचा होतो. आई आणि अण्णा दोघंही कामावर जात. सुकडी मिळायची, ती मी फडक्यातून आणायचो. आपल्याच रानात आपणच बांध घालतोय, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पोट चाललं होतं.

तलावात आमची तीन एकर गेली. ओढ्याकाठची, काळी, गावात सगळ्यांत चांगली. कागदोपत्री संपादन व्हायला पुढं कैक वर्षं लागली. १९८१ साली निवाडा झाला आणि अण्णांना पैसे घ्यायला बोलावणं आलं. मी तेव्हा दहावीत. अण्णा धोतर-टोपी घालून निघाले, मीही बरोबर गेलो. कचेरीत कारकुनानं पावती पुढं सरकवली. अण्णा चौथी शिकलेले. सही करता यायची आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी सावकाश, वळणदार सही केली.

त्यांच्या मागं शेजारचे आबा होते. आबांचा अंगठा. पण त्यांना कुणीतरी शहाण्यानं सांगून ठेवलं होतं. ते कारकुनाला म्हणाले, "भाऊसाहेब, आंगठ्याच्या वर 'हरकत राखून' आसं लिवा, मगच आंगठा." कारकुनानं लिहिलं. वाटेत अण्णा म्हणाले, "सरकारसंगं कशाला वाकडं? दिलं ते घ्यावं."

त्या दोन शब्दांची किंमत मला पुढं कळली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ३१ होतं. मोबदला कमी वाटत असेल तरी पैसे घ्यायला हरकत नाही, पण ते हरकत राखून घ्यायचे. तसे न घेतले तर कलम १८ खाली प्रकरण कोर्टाकडं पाठवा, असा अर्ज करण्याचा हक्क जातो. आबांचा अंगठा होता, पण हक्क राहिला. अण्णांची सही होती, हक्क गेला.

मी बारावी झालो, बी. ए. झालो आणि १९८६ साली पुण्यात वकिली शिकायला गेलो. घराण्यातला पहिलाच. अण्णा एसटी स्टँडवर कुणालाही सांगायचे, "पोरगा वकिली शिकतोय." आमचा अभ्यास म्हणजे गाइड. कलमं पाठ करायची, परीक्षेत ओतायची. कायदा कुठं शोधायचा, तो आज तसाच आहे की बदललाय हे कसं तपासायचं, ही गोष्ट कुणी शिकवली नाही. शिकवायची असते हेच कुणाला वाटत नव्हतं.

१९८७ च्या सप्टेंबरात आबांच्या प्रकरणाचा कोर्टात निकाल लागला. मोबदला वाढला. वर तीस टक्के दिलासा रक्कम आणि व्याज. सगळ्या गावात चर्चा. मी दिवाळीला घरी गेलो, तेव्हा अण्णांनी पाडव्याच्या दिवशी ट्रंक उघडून ती जुनी पावती काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "आबाला मिळालं. तलाव तोच, रान लागूनच. आपल्याला काय करता येतंय का, बघ की."

सुट्टीवर येताना मी ग्रंथालयातून भूसंपादन कायद्याचं पुस्तक आणलं होतं. कलम १८ काढलं, कलम ३१ काढलं, पावती बघितली. पावतीवर ते दोन शब्द नव्हते. मी पुस्तक मिटलं आणि बावीस वर्षांच्या माणसाला जेवढ्या ठामपणे बोलता येतं तेवढ्या ठामपणे बोललो, "न्हाई अण्णा. तुम्ही हरकत राखली न्हाई. संपलं ते."

अण्णांनी पावती घडी घालून परत ट्रंकेत ठेवली.

मी पुस्तकाचं पहिलं पान बघितलं नव्हतं. ती आवृत्ती १९८४ च्या आधीची होती.

सप्टेंबर १९८४ मध्ये त्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दिलासा रक्कम पंधराची तीस टक्के झाली ती त्याच दुरुस्तीनं. आबांना तीस टक्के मिळाले हे मी ऐकलं होतं, माझ्या पुस्तकात पंधरा लिहिलेले होते, तरी मला शंका आली नाही. त्याच दुरुस्तीत एक नवीन कलम आलं, २८-अ. एकाच अधिसूचनेत ज्यांची जमीन गेली, त्यातल्या एकाला कोर्टानं वाढवून दिलं, तर जे कोर्टात गेलेच नाहीत त्यांनाही तसा वाढीव मोबदला मागता येईल. अट एकच. कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज करायचा. अडाणी, गरीब माणूस वकील करू शकत नाही, त्याच्यासाठीच संसदेनं हे दार उघडलं होतं. म्हणजे अण्णांसाठीच.

हे मला कळलं १९८८ च्या उन्हाळ्यात, एका वकिलांच्या ऑफिसात फायली लावताना, नवीन आवृत्ती हातात आली तेव्हा. मी बोटांवर महिने मोजले. दिवाळीला त्यातला जवळजवळ दीड महिना गेला होता आणि दीड महिना उरला होता. मी 'संपलं' म्हणालो तेव्हा संपलेलं नव्हतं. मी म्हणालो म्हणून संपलं.

अण्णांना हे सांगितलं नाही. मनाला एक पळवाट होती. हरकत न राखता पैसे घेतलेल्याला २८-अ खाली तरी मागता येतं का, यावर तेव्हा वाद होता. अर्ज कदाचित टिकलाही नसता, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

वकिली फार केली नाही. १९९६ पासून शिकवायला लागलो. या भागातल्या विधी महाविद्यालयात पोरं यायची ती बारामती, इंदापूर, दौंड, फलटणकडची. कुणी कारखान्यावरच्या स्लीप बॉयचं, कुणी उजनीत गाव गेलेल्यांचं. कुणी स्वतःच एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी तासाला बसायचं. विषय वाटताना सगळ्यांना घटना हवी असायची, फौजदारी हवा असायचा. कायद्याचं संशोधन आणि लेखन कुणाला नको. त्यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, नुसत्या वह्या तपासायच्या. मी तो मागून घेतला. पुढं बार कौन्सिलच्या नियमांत ड्राफ्टिंग, प्लीडिंग हा सक्तीचा विषय झाला, तोही माझ्याकडंच आला.

पहिल्या तासाला मी पोरांना घरचा सातबारा आणायला सांगायचो. निम्म्यांनी तो कधी वाचलेला नसायचा. सात म्हणजे मालकी आणि हक्क, बारा म्हणजे पिकं, फेरफार सहा नंबरात, खातं आठ-अ मध्ये. इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा म्हटलं की वर्ग गप्प व्हायचा. कुणाला आत्याचं नाव सापडायचं, कुणाला सोसायटीचा बोजा. एका पोराला आजोबांच्या नावापुढचं कूळ सापडलं आणि तो तासातून उठून घरी फोन करायला गेला. कायद्याचं संशोधन म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग लिहिणं. आमच्या पोरांना वाटायचं, कायद्याचं मराठी म्हणजे जड पाहिजे. 'सदर इसमाने सदर ठिकाणी सदर वेळी' असं पानभर. एका पोरानं विहिरीच्या पाळीचा दावा लिहून आणला. दोन पानं आजोबांचा चांगुलपणा, आणि गट नंबर कुठंच नाही. मी म्हटलं, "कागद ठेव बाजूला. मी पारावर बसलोय. काय झालं ते सांग." तो म्हणाला, "सर, हीर दोघांत हाय. आठ दिवस त्यांचं, आठ दिवस आमचं. औंदा मार्चपासनं चुलत्यानं मोटारीला कुलूप लावलंय. आमचा ऊस वाळाय लागलाय." मी म्हटलं, "झाला की दावा. आता याला गट नंबर, चतुःसीमा आणि तारखा लाव." दिवाणी प्रक्रिया संहितेची सहावी ऑर्डर हेच सांगते. महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहा, पुरावा लिहू नका, परिच्छेद पाडा, तारखा आणि रकमा आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्हींत लिहा. गावातलं माणूस बोलताना हे बरोबर पाळतं. हातात पेन आलं की विसरतं.

१९९८ मध्ये खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली, तेव्हा हे शिकवणं आणखी गरजेचं झालं. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश मी टेबलावर ठेवायचो, पण सांगायचो की आधी घरातला शब्द शोधा, तो नसेल तर कोशातला घ्या.

आणि शोधणं. सुरुवातीला आमच्याकडं नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाड खंड होते. धूळ झटकायची, सूची बघायची, निकाल काढायचा आणि मग खरं काम. हा निकाल पुढं कुठं उलटवलाय का? फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी तीन ओळी लिहायचो आणि त्या वर्षभर पुसू द्यायचो नाही.

कायदा कुठला?
आज तोच आहे का?
मुदत कधी संपते?

पोरं चेष्टा करायची. गॅदरिंगला माझी नक्कल झाली की याच तीन ओळी. त्या कुठून आल्या, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हंसोली देवी प्रकरणात निकाल दिला. ज्यानं हरकत न राखता पैसे घेतले, त्यालाही २८-अ खाली वाढीव मोबदला मागता येतो. माझी पळवाट बंद झाली. त्या रविवारी मी गावी गेलो. अण्णा ओट्यावर सुतळी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. पुस्तक जुनं होतं, दीड महिना शिल्लक होता, मी चुकलो.

अण्णांनी सुतळी वळणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आबाच्या वकिलाचा कारकून आला हुता तवा. दिवाळी झाल्यावर. म्हनला, तुमी बी आर्ज टाका, मी लिवून देतो, चार रुपयं वाढून येतील. मी म्हनलं, न्हाई. माझा पोरगा वकिली शिकतोय, तो न्हाई म्हनलाय."

मला उठवेना. इतकी वर्षं मी समजत होतो, की कुणी सांगितलं नाही म्हणून अण्णांचा हक्क गेला. सांगणारा दारात आला होता. त्यानं अर्ज लिहूनही दिला असता. अण्णांनी त्याला माझ्या शब्दावर परत पाठवलं होतं. बारीक तपासणारा एक साधा कारकून आणि पुस्तकाचं पहिलं पान न बघणारा त्यांचा मुलगा, यांत त्यांनी मुलगा निवडला.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "जाऊं दे. च्या घी." त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. सहा वर्षांनी ते गेले. पावती मी ट्रंकेतून काढून माझ्याकडं घेतली.

पुढच्या वर्षीपासून पहिल्या तासाला त्या पावतीची झेरॉक्स वर्गात फिरवायला लागलो. नाव झाकून. "या कागदात काय नाही, ते सांगा." आहे ते कुणीही वाचतं, नाही ते वाचायला शिकावं लागतं. पण ती कुणाची, आणि नंतर काय झालं, हे मी तरीही सांगत नव्हतो.

२०१४ साली नवीन भूसंपादन कायदा लागू झाला आणि त्याच जानेवारीत पुणे महापालिकेच्या एका प्रकरणात, हरकचंद सोळंकी यांच्या, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नव्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं होतं, की जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन पाच वर्षं झाली आणि ताबा घेतला नाही 'किंवा' मोबदला दिला नाही, तर संपादन रद्द समजावं. मोबदला नुसता सरकारी तिजोरीत ठेवला तर तो दिला असं होत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्या जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या बाजूचा निकाल. मी तो जीव लावून शिकवला.

त्या काळात एक पोरगा वर्गात आला. बाप एमआयडीसीत जमीन गेलेला, पोरगा तिथंच एका कंपनीत रात्रपाळीला. काही दिवसांनी तो कागदांचं बोचकं घेऊन आला. "सर, हा निकाल आमच्या जमिनीला लागतो का?" डोळ्यांत आशा. मी फळ्याच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. कायदा कुठला? त्यानं नोटीस शोधली. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१, कलम ३२. कलम २४ बोलतं ते १८९४ च्या कायद्याखालच्या कारवाईबद्दल. त्याचं तोंड उतरलं. पण त्या दिवसापासून त्याला शोधायची चटक लागली. रात्री जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर निकाल वाचायचा. पुढं नोकरीपायी मधली दोन वर्षं त्याचं शिक्षण थांबलं, मग तो परत आला.

२०२१ मध्ये वर्ग ऑनलाइन होते. मी सवयीनं हरकचंदचा निकाल शिकवत होतो. सगळ्यांचे कॅमेरे बंद. एक आवाज आला, "सर, तो निकाल आता उभा न्हाई."

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागायच्या थोडे दिवस आधी, इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तो उलटवला होता. 'किंवा' हा शब्द त्या ठिकाणी 'आणि' असा वाचायचा, म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, तरच संपादन रद्द. एका शब्दावर देशभरातल्या कितीतरी जमिनींचं इकडचं तिकडं झालं. आणि मी माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून शिकवत होतो. ज्यानं तीन ओळी फळ्यावर लिहिल्या, त्यानंच दुसरी ओळ तपासली नव्हती. टाळेबंदी हे कारण सांगता आलं असतं. एकदा पळवाट शोधून बघितली होती, परत नको वाटली.

मी पोरांना म्हटलं, "तो बरोबर बोलतोय. मी चुकलो." आणि मग, का कोण जाणे, बंद कॅमेऱ्यांपुढं मी पावतीची सगळी गोष्ट सांगितली. पुस्तकाची आवृत्ती, पाडवा, कारकून, सुतळी, सगळं. तास संपून गेला तरी कुणी बाहेर पडलं नाही.

तो पोरगा आता इंदापूरला वकिली करतो. शेवटच्या वर्षांत मी वर्गात त्याचं उदाहरण द्यायचो, आणि त्याच्या शेजारी न्यूयॉर्कच्या त्या दोन वकिलांचं. २०२३ मध्ये त्यांनी संगणकाला विचारून कोर्टात निकाल दाखल केले आणि ते निकाल जगात कुठंच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. पोरं हसायची. मी हसत नसे. त्यांच्या हातातलं यंत्र नवीन होतं, माझ्या हातात जुनं पुस्तक होतं. पहिलं पान दोघांनीही बघितलं नव्हतं.

परवा पेन्सिल चौकात एक बाई आल्या. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात थोडी जमीन गेलेली, हातात कागद, बरोबर कंपनीचा गणवेश घातलेला मुलगा. बाई म्हणाल्या, "सर, तुमी हो म्हना नायतर न्हाई म्हना. तुमी म्हनाल तसं करतो."

असं कुणी म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. मी तारीख बघितली. मुदतीचे दिवस मोजले. अजून होते. कागदाचा फोटो काढून इंदापूरला पाठवला आणि बाईंना म्हटलं, "आक्का, उद्या सकाळी या. पण उद्या नक्की या."

चहावाला हसला. हसू दे.